ब्रेक डिस्कवरचा गंज: येतो कशाने हे माहीत आहे, जात का नाही ते शोधा

जुलैमध्ये रत्नागिरीला गेलो की पहिल्या सकाळचा कार्यक्रम ठरलेला. बाबांची गाडी अंगणातून बाहेर काढायची. तीन-चार आठवडे ती फणसाखाली उभी असते. चावी फिरवली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला की खालून 'टक्' असा आवाज येतो, जणू काही तरी चिकटलेलं सुटलं. मग गल्लीच्या टोकापर्यंत खर्र खर्र. चाकाच्या फटीतून बघावं तर डिस्क नारिंगी, अगदी हळद-कुंकू फासल्यासारखी.

घर मांडवीच्या बाजूला, समुद्र हाकेच्या अंतरावर. खारं वारं काय करतं हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. खिडकीचे गज, गॅसची शेगडी, पंख्याची पाती, सगळ्यांना ते पुरून उरतं. त्यामुळे डिस्क गंजली याचं नवल नव्हतं. नवल याचं, की सलग तीन पावसाळे सगळे उपाय करूनही एका चाकावरचा गंज जाईना. त्या चाकाने मला जे शिकवलं ते इथे लिहितोय.

आधी घाबरणं थांबवा

ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, बिडाची असते. घरातल्या बिडाच्या तव्याचंच भावंड म्हणा. उष्णता चांगली पेलते, आवाज आणि थरथर जिरवते, स्वस्तात ओतता येते, म्हणून बीड. पण गंजाला विरोध करण्याची ताकद त्यात जवळपास नाही. तव्याला आपण तेलाचा हात लावून ठेवतो. डिस्कला तेल लावायची सोय नाही, कारण तिचं कामच घासून गाडी थांबवणं. म्हणजे उघडं बीड, वर पाणी आणि हवा. गाडी धुतल्यावर दोन-चार तासांत पिवळसर छटा येते, रात्रभरात ती नारिंगी होते. मीठ असेल तर वेग आणखी वाढतो, कारण खारट पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत-रासायनिक आहे.

ब्रेक मारला की डिस्कवर दाबला जाणारा पॅड हा वरवरचा गंज स्वतःच खरवडून काढतो. त्यासाठी चाक खोलायची गरज नाही, कुठला स्प्रे नको, कोणाला पैसे द्यायला नकोत.

आणखी एक, आमच्या भागापुरतं. जांभ्याची लाल माती चाकात उडून वाळली की लांबून हुबेहूब गंज दिसते. ओलं बोट फिरवून बघा. बोटाला लाल चिखल आला आणि खाली चकचकीत धातू दिसला तर तुम्ही मातीला घाबरला होता. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर मात्र बोट लावू नका, डिस्क चटका देईल.

ब्रेक मारून गंज काढायचा, पण पद्धतशीर

गाडी हलवल्या हलवल्या, चालत्या माणसाच्या वेगात असतानाच एकदा ब्रेक दाबून बघा. गाडी थांबते ना, एका बाजूला ओढत नाही ना, पेडल खोल जात नाही ना? यात काहीही खटकलं तर पुढचं वाचू नका, मेकॅनिकला बोलवा.

ठीक असेल तर रिकामा, सरळ, कोरडा रस्ता गाठा. वेग 40-50. आरशात बघा, मागे कोणी नको. ब्रेक मध्यम जोराने दाबत वेग 10-15 पर्यंत आणा आणि सोडा. पूर्ण थांबू नका. परत वेग घ्या, अर्धा मिनिट गाडी तशीच जाऊ द्या, परत ब्रेक. असं आठ-दहा वेळा. पहिल्या दोन-तीन वेळी खरखर ऐकू येईल, पेडलखाली किंचित खडबडीत लागेल. पाचव्या-सहाव्या वेळेला आवाज गेलेला असतो. कचकन ब्रेक मारून चाकं लॉक करण्यात काही मतलब नाही, त्याने गंज जात नाही, टायर झिजतो.

गणपतीला गावी गेलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. दहा दिवस गाडी अंगणात पावसात उभी असते आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सामान, माणसं, वर नारळाचं पोतं घालून थेट महामार्गाला लागतात. आदल्या दिवशी संध्याकाळी रिकामी गाडी काढून हे दहा ब्रेक मारून घ्या.

आता खरं काम: काय उरलं ते बघा

फेरी मारून आलात की गाडी सावलीत लावा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन चाकाच्या फटींतून चारही डिस्क बघा. मागे ड्रम (बंद डब्यासारखे ब्रेक) असतील तर पुढच्या दोनच. माझी सगळी शिकवणी या पाच मिनिटांत आहे. गंज सगळीकडे सारखा येतो. तो जिथे गेला नाही, तिथे पॅड पोचत नाही. आणि पॅड पोचत नाही म्हणजे त्या चाकाचा ब्रेक अर्धवट लागतोय.

डिस्कचा पूर्ण चेहरा, म्हणजे पॅड घासतो तो सपाट भाग, चकचकीत, फक्त बाहेरच्या कडेला आणि मधल्या टोपीसारख्या भागावर तपकिरी रंग असेल तर विषय संपला. तिथे पॅड लागतच नाही, तो रंग राहणारच. दिसायला खुपत असेल तर टोपीला उष्णता सोसणारा चंदेरी रंग मारून घ्या, चेहऱ्यावर आधी कागद चिकटवून.

पॅडच्या आकाराचा एकच काळपट ठसा उरला असेल तर गाडी उभी असताना पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये ओल धरून राहिली होती. चार दिवसांच्या चालवण्यात तो फिका पडला तर सोडून द्या. ठसा तसाच आणि वेगात ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरतंय, तर तिथे डिस्क खोल खाल्ली गेली आहे.

चेहऱ्यावर गोल कड्यासारखा गंजाचा पट्टा उरला असेल, किंवा डावी डिस्क आरसा आणि उजवी खरबरीत अशी अवस्था असेल, तर गंज विसरा आणि कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, तपासा.

आमच्या गाडीत नेमकं हेच होतं. पुढचं डावं चाक, बाहेरचा चेहरा. 2020 च्या टाळेबंदीत गाडी मार्चअखेरपासून जूनपर्यंत हलली नव्हती, तिथून सुरुवात झाली. पहिल्या पावसाळ्यात गॅरेजवाल्याने पॉलिश पेपर मारून दिला. महिनाभर बरं गेलं. दुसऱ्या वर्षी त्याने डिस्क लेथवर नेऊन फेसिंग मारून, म्हणजे चेहरा यंत्रावर सपाट कापून, आणलं. चेहरा इतका सुंदर झाला की बाबांनी मला फोटो पाठवला. दोन महिन्यांत तोच तपकिरी पट्टा त्याच जागी. तिसऱ्या वर्षी त्याने "हवाच तशी आहे, काय करणार" म्हणून हात वर केले. पण हवा तर उजव्या चाकालाही तीच होती ना! हा प्रश्न मला सुचायला तीन वर्षं लागली.

चाक उघडल्यावर

सपाट जागा, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड, मग जॅक. नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली घोडी (आधाराचा लोखंडी स्टँड) लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्या.

कॅलिपर कसं चालतं हे दोन वाक्यांत. बहुतेक साध्या गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट जोराने अख्खं कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतं. पिना सरकल्या नाहीत तर आतला पॅड एकटाच राबतो आणि बाहेरचा नुसता हजेरी लावतो.

आमच्या डाव्या चाकात आतला पॅड जेमतेम 2 मिलिमीटर उरला होता आणि बाहेरचा 8. म्हणजे गंज बाहेरून दिसत होता आणि धोका आत बसला होता. खालची पिन हाताने हलेना. पक्कडीने फिरवत फिरवत काढली तर ग्रीसच्या जागी गुळाच्या काकवीसारखा तपकिरी चिकटा आणि पिनेवर नखाला लागेल असा गंज. पिनेवरच्या रबरी बुटाला (पाणी अडवणाऱ्या टोपणाला) बारीक चीर पडली होती. त्या चिरेतून दरवर्षी थोडं थोडं पाणी आत गेलं. डिस्क घासून पिन कशी सुटणार होती?

उपाय तसा किरकोळ. नव्या पिना, नवे बूट, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. साधं पिवळं ग्रीस इथे चालत नाही, खनिज तेलाने ते रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. त्याच वेळी पॅडचे कान ज्या खाचेत बसतात त्या स्टीलच्या क्लिपा काढून बघा. क्लिपेच्या मागे बिडाच्या ब्रॅकेटवर गंजाचा पापुद्रा वाढतो आणि खाच अरुंद होते. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, त्यामुळे पॅड तिथे पाचरीसारखा बसतो. वायर ब्रशने किंवा बारीक कानशीने खाच साफ करा, क्लिप परत बसवा, पॅड बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर तो ठोकून बसवायचा नाही.

पॅड हातात आहेतच तर त्यांची कडही बघा. घासणारं मटेरियल आणि मागची लोखंडी पट्टी यांच्या मधल्या सांध्यात गंज शिरला की मटेरियल पट्टीपासून सुटायला लागतं. जाडी भरपूर असली तरी असा पॅड फेकायचा.

कॅलिपर काढल्यावर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. ब्रेकची काळी धूळ तोंडाने फुंकू नका आणि हवेचा पाइपही मारू नका. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा.

डिस्क बदलायची की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. तिच्यावरच किमान जाडी कोरलेली असते, बहुधा 'मिन' असं लिहून पुढे मिलिमीटरमध्ये आकडा. गंजाने तो झाकला असेल तर वायर ब्रशने घासून वाचा. जाडी मोजताना एक गंमत होते. झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेला काठ उभा राहतो, व्हर्नियर त्या काठावर टेकतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. मग दोन्ही बाजूंना, काठाच्या आत, एक-एक रुपयाचं सारखंच नाणं धरून वरून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. आकडा किमान जाडीच्या जवळ आला असेल तर लेथवर पैसे घालवू नका, जोडीने नव्या डिस्क टाका. एकच बदललीत तर दोन बाजूंना ब्रेक वेगवेगळे लागतील.

खोल खड्डे नाहीत, जाडी आहे, फक्त थर घट्ट बसलाय, एवढंच असेल तर 80 ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरने गोलगोल, दिशा बदलत हाताने घासा आणि ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. ग्राइंडरला वायरचं चाक लावून चेहऱ्यावर फिरवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्याने एका जागी जास्त खाल्लं जातं आणि मग पेडल धडधडायला लागतं.

डिस्क काढलीच असेल तर ती ज्या हबवर (चाक बसतं त्या मधल्या भागावर) टेकते तो चेहराही घासून स्वच्छ करा. हे काम सगळे विसरतात. तिथे गंजाचा एक खवला राहिला तरी नवी कोरी डिस्क वाकडी फिरते. चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, पण स्टेअरिंगला कळते. आणि मग दोष नव्या डिस्कच्या माथी जातो.

काय करू नये, यावर जरा रागाने

पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळकं ऑइल फवारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. एका वर्षी बाबांनी धुलाई केंद्रात तीही सेवा घेतली. पोऱ्याने मनापासून काम केलं, चाकांच्या आतही फवारा मारला. बाहेर पडून पहिल्याच वळणावर बाबांनी ब्रेक दाबला तर गाडी थांबायला तयार नाही, नशिबाने समोर फक्त एक म्हैस होती आणि तीही बाजूला झाली. पॅडमध्ये तेल मुरलं की ते परत निघत नाही. डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ झाल्या, दोन्ही बाजूंचे पॅड मात्र टाकून द्यावे लागले. पोटाला फवारा हवाच असेल तर चाकांवर आधी प्लास्टिकच्या पिशव्या चढवा आणि स्वतः तिथे उभे राहा.

गंज सोडवायचे तेलकट स्प्रे, रॉकेल, टायर चमकवायचं पाणी, चाकांवरचं मेण, यांचाही एक थेंब डिस्कच्या चेहऱ्यावर नको. गंजाचं काळ्या थरात रूपांतर करणारी जी रसायनं मिळतात ती चॅसिसला ठीक, डिस्कच्या घासणाऱ्या भागाला नाहीत. व्हिनेगरमध्ये डिस्क बुडवून ठेवायचे व्हिडिओ आहेत. गंज निघतो हे खरं, पण डिस्क बाहेर काढून वाळेपर्यंत ती पुन्हा पिवळी पडते. मेहनत कशासाठी?

हँडब्रेक

आमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात. हँडब्रेक ओढून पावसात आठवडाभर गाडी उभी केली की आतले लायनर ड्रमला चिकटतात. मग गाडी निघत नाही, किंवा मागचं एक चाक फरफटत येतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर रेटू नका. हँडब्रेक पूर्ण सोडा, पहिला, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स असं हळूच पुढे-मागे झोका द्या. नाही सुटलं तर चाक काढून ड्रमवर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने गोलाकार ठोका. सुटताना तोच ओळखीचा 'टक्'.

लांब मुक्कामाला गाडी ठेवताना सपाट जागा, गिअर आणि चाकांना पुढे-मागे दगड. हँडब्रेक सोडलेला. ऑटोमॅटिक असेल तर पार्क, आणि दगड तरीही. उतारावर मात्र हा शहाणपणा करू नका, तिथे हँडब्रेक हवाच.

परत येऊ नये म्हणून

पूर्ण थांबवता येत नाही. कमी करता येतो.

गाडी धुवायची तर निघण्याआधी धुवा, आल्यावर नाही. ओली गाडी लावून ठेवणं हे सगळ्यात वाईट. आल्यावरच धुतली तर एक-दोन किलोमीटरची चक्कर मारून चार-पाच ब्रेक मारा, डिस्क कोमट होते आणि पाणी उडून जातं. समुद्रकाठी जाऊन आलात तर चाकांवर गोड्या पाण्याचा पाइप मारा आणि मग हीच चक्कर. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर म्हणजे तिला वाफेवर शिजवणं. गवतावर किंवा मातीवर उभी गाडी खालून सतत ओल घेते, फरशी किंवा काँक्रीट बरं. आम्ही फणसाखालून ती पडवीच्या बाजूला घेतली, तेवढ्यानेही फरक पडला.

पिनांचं ग्रीस किनाऱ्यावर दर पावसाळ्याआधी बघा, मे महिन्यात. सर्व्हिसिंगच्या यादीत 'ब्रेक साफ केले' अशी खूण असते, त्यात पिना काढल्या का हे तोंडाने विचारा. आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग पिस्टनला आतून गंज धरतो, जो कुठल्याही टॉर्चला दिसत नाही.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना वेगळाच त्रास असतो. माझ्या एका मित्राची गाडी मुंबईत रोज चालते, तरी डिस्क गंजलेल्या. कारण पाय उचलला की मोटरच गाडी हळू करते आणि वीज परत बॅटरीत भरते, पॅड डिस्कला क्वचितच लागतात. फोक्सवॅगनने आयडी.3 आणि आयडी.4 ला मागे चक्क ड्रम दिले, बंद डब्यात गंज कमी लागतो म्हणून. मित्राला मी सांगितलं, आठवड्यातून एकदा रिजनरेशन सगळ्यात खाली आण आणि तेच दहा ब्रेक मार. त्याच्या डिस्क आता ठीक आहेत.

बाबांचं म्हणाल तर ते आता दर रविवारी सकाळी गाडी काढून भाट्याच्या पुलापलीकडे जाऊन येतात. रिकाम्या सरळ रस्त्यावर मोजून दहा ब्रेक, परतीला मासळी. पावसाने रविवार बुडाला तर कॅलेंडरवर फुली मारून मला फोनवर सांगतात. गेल्या वेळी डावी-उजवी डिस्क सारखीच चकचकीत होती. बूट नवे असले तरी एक पूर्ण पावसाळा त्यांनी अजून काढलेला नाही, तेव्हा ऑक्टोबरमध्ये गेलो की खालची पिन एकदा बाहेर काढून बघणार आहे.